दोन तपासण्यांच्या मधले दिवस

स्तनाच्या कर्करोगावरची केमो चालू असते तेव्हा आमच्या पुलगावात त्या बाईच्या घरी माणसांची ये-जा असते. शेजारीण डबा पाठवते, नणंद लेकरं सांभाळायला येऊन राहते, भाऊ सुट्टी टाकून सोबत जातो. मग रेडिएशन संपतं, फाइलवर 'तीन महिन्यांनी या' असं लिहून मिळतं आणि सगळ्यांना वाटतं, सुटली बाई एकदाची. ओळखीतली एक तरुण सून मला म्हणाली, "दवाखान्यात होती तोवर कोनी ना कोनी इचारे. आता घरी आली, तं कोनाले इचारू?" तिचं ऐकल्यापासून या विषयावर जे वाचते, जे बायका सांगतात, ते या वहीत उतरवून ठेवते आहे.

*

उपचार आता पूर्वीइतके लांब राहिले नाहीत. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं (मेघे) रुग्णालय पुलगावहून सकाळी निघून संध्याकाळी परतण्याच्या अंतरावर आहेत. नागपूरच्या अलीकडे वर्धा रोडवर जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, आणि शहरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय. महाराज स्वतः 1968 साली कॅन्सरनेच गेले. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात. इथवरची वाट बरीच बांधून झाली आहे. त्यापुढची वाट मात्र तिला एकटीला चालावी लागते.

*

2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण होते. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा आजार सरासरी दहा वर्षं आधी गाठतो. म्हणजे पुष्कळ जणींची मुलं शाळेत असतात, काहींची लग्नं व्हायची असतात.

टाटा मेमोरियलने मुंबईत वीस वर्षं दीड लाखाहून जास्त बायकांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2021 साली आले. प्रशिक्षित आरोग्यसेविकेने दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, तर पन्नाशीच्या पुढच्या बायकांतले या आजाराने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फायदा दिसला नाही. तरुण बाईचा आजार वेगळा वागतो आणि त्यानंतर जगायची वर्षंही तिला जास्त असतात. तरी दवाखान्यातल्या बाकावर तिच्या शेजारी बहुतेक वेळा तिच्या आईच्या वयाची बाई बसलेली असते.

*

अमेरिकेत न्यू जर्सीच्या टीनेक गावी रोशेल शोरेट्झ नावाची तरुण वकील राहत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्या कार्यालयात तिने काम केलं होतं. अठ्ठाविसाव्या वर्षी तिला स्तनाचा कर्करोग झाला. ती दोन लहान मुलांची आई, धर्म पाळणारी ज्यू. तिला आपल्यासारख्याच एखाद्या तरुण आईशी बोलायचं होतं, म्हणून 2001 साली तिने 'शार्शेरेत' ही संस्था काढली.

संस्थेचं मूळ काम ऐकायला अगदी साधं आहे. फोन करणाऱ्या बाईचं वय, तिची मुलं, तिचा उपचार, घरचं धर्माचं वळण हे सगळं विचारायचं आणि या सगळ्यांत तिच्याशी जुळणारी, आधी यातून गेलेली दुसरी बाई शोधून द्यायची. तिचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही. आजार उलटला आणि 2015 साली, बेचाळिसाव्या वर्षी रोशेल गेली. संस्थेचं काम चालू आहे.

मला यातलं जुळवणं सर्वांत मोलाचं वाटतं. 'धीर धर' कोणीही म्हणतं. केस गळायला लागले तेव्हा पाच वर्षांच्या मुलाला काय सांगितलं, हे तीच सांगू शकते जिच्या घरात तेव्हा पाच वर्षांचं मूल होतं.

*

रोशेलच्या समाजाबद्दल वाचताना एका ठिकाणी मी थबकले. पारंपरिक ज्यू घरांत लग्नं मध्यस्थामार्फत जुळतात, आणि आईला असा आजार झाल्याचं कळलं तर मुलींची स्थळं जातील म्हणून तो लपवला जातो. हे तर आमच्याच गल्लीतलं. "पोरीचं लगीन होईस्तोवर कोनाले सांगजा नोको," असं सासू सुनेला बजावते. ती बाई मग टोप घालून हळदीकुंकवाला जाते, तपासणीचा दिवस आला की नातलगाच्या भेटीला निघाल्याचं सांगते. लपवण्यात सगळं बळ खर्च होतं.

मी तिला दोष देत नाही. मुलीची काळजी खरी आहे. पण गावात याच आजारातून उठलेली दुसरी बाई दोन गल्ल्या सोडून राहत असेल आणि तीही अशीच लपत असेल, तर दोघींची गाठ कधी पडणार? नाव न फोडता भेट घडवून देणारं कोणीतरी मध्ये लागतं. रोशेलने नेमकं तेच उभं केलं.

*

आनुवंशिकतेचं.

मेरी-क्लेअर किंग यांनी 1990 साली दाखवून दिलं की स्तनाच्या कर्करोगाचा एक धागा सतराव्या गुणसूत्रावर आहे. 1994 साली तो जीन हाती लागला: बीआरसीए-1. पूर्व आणि मध्य युरोपातून आलेल्या, अश्केनाझी म्हणवणाऱ्या ज्यूंमध्ये साधारण चाळिसात एकाकडे या जीनमधला किंवा त्याच्या जोडीदार बीआरसीए-2 मधला ठरावीक बिघाड असतो. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना हा आकडा लावू नये, त्यांची वंशकथा वेगळी आहे. उलट, अश्केनाझींमध्ये नेहमी सापडणारा एक बिघाड भारतातल्या ज्यू नसलेल्या कुटुंबांतही मिळाला आहे, आणि तो इथे स्वतंत्रपणे उपजला असावा असं अभ्यासक म्हणतात.

घरी उपयोगाचं एवढं: हा बिघाड बापाकडूनही येतो. आई किंवा बाप, ज्याच्याकडे असेल त्याच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणून 'घरात कोणाला होता का?' असं डॉक्टर विचारतात तेव्हा मावशी आणि आजीवर थांबू नये. आत्याचं सांगावं, बापाच्या आईचं सांगावं. कमी वयात आजार झाला असेल तर जीनच्या तपासणीबद्दल आपणहून विचारावं. पुढे बहिणीला सावध करता येतं.

*

बेने इस्राएल म्हटलं की मला डॉ. जेरुशा झिराड आठवतात. जन्म 1890 चा. लंडनला जाऊन एम.डी. झाल्या, 1928 पासून 1947 पर्यंत मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या, 1966 साली पद्मश्री मिळाली. बाळंतपणात बायका का दगावतात याचा त्यांनी मुंबईत शोध घेतला. बायकांच्या दुखण्याची मोजदाद करणं हीही सेवाच आहे. उपचार पुरे झाल्यावर आपल्या जिल्ह्यातल्या किती तरुण बायका तपासणीला यायच्या थांबल्या, हे कोणीतरी मोजायला हवं.

*

शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, कधी काही वर्षांनी. आमच्याकडे या हाताची परीक्षा दोन ठिकाणी होते, कासाराकडे आणि कापसात. हिरवा चुडा ओढूनताणून चढवू नये. त्या हातात बांगडी सैल असावी किंवा नसावी, त्यावरून सवाष्णपणाचा प्रश्न कोणी काढू नये. वेचणीच्या दिवसांत बोंडाची वाळलेली टोकं बोचतात, ओरखडे उठतात. लांब बाहीचा जुना सदरा घालावा, ओरखडा लगेच साबणाने धुवावा, हात लाल आणि गरम झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

'आता त्या हाताने काहीच उचलू नको' हा सल्ला मात्र जुना झाला. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत नेलेल्या बायकांची सूज वाढली नाही. ज्या घराला तिच्या रोजीची गरज आहे, तिथे याला फार अर्थ आहे. भरलेली घागर पहिल्याच दिवशी नको, पण आयुष्यभर अपंगही ठरवू नका.

*

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस. पारा पंचेचाळिसाला टेकलेला, कूलरमध्ये पाणी नाही आणि टॅमॉक्सिफेनच्या गोळीने अंगातून वाफा निघतात. पस्तिशीत पाळी गेल्यासारखी अवस्था. "सगळ्यायलेच गरम होते," असं घरचे म्हणतात. तसं नाही. ही आच आतून येते, डिसेंबरातही येते आणि रात्रीची झोप मोडते. पण त्यासाठी गोळी परस्पर बंद करू नये. पाच वर्षं, कधी दहा वर्षं घ्यायची ती गोळी आजार परतण्याचा धोका कमी करते. त्रास डॉक्टरांना सांगावा, त्यावर उपाय असतात.

*

हे कोणी बोलत नाही म्हणून ठळक लिहिते. केमोनंतर पाळी थांबली म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं नाही. टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भ राहणं बाळासाठी धोक्याचं आहे, आणि पाळणा लांबवण्याच्या संप्रेरकांच्या गोळ्या या बाईला चालत नाहीत. तांबी चालते, सरकारी दवाखान्यात फुकट बसवून मिळते.

ज्यांना मूल हवं आहे, त्यांच्यासाठी 2023 साली चांगली बातमी आली. एका अभ्यासात बेचाळीस वर्षांपर्यंतच्या पाचशेवर बायकांनी दीड ते अडीच वर्षं टॅमॉक्सिफेनसारखं संप्रेरकरोधक औषध घेतलं आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने मुलासाठी ते थांबवलं. पहिल्या काही वर्षांत तरी त्यांच्यात आजार जास्त परतला नाही. बीजांडं गोठवून ठेवायची असतील तर ती केमोच्या आधी. ही गोष्ट नव्या लग्नाच्या मुलीला पहिल्याच भेटीत सांगायला हवी, आणि सासूला बाहेर बसवून सांगायला हवी.

*

मुंबईची साईशा इंडिया फाउंडेशन ही संस्था सुताचे विणलेले कृत्रिम स्तन गरजू बायकांना मोफत देते. हलके, धुता येणारे, ब्लाउजच्या आत बसणारे. आमच्याकडे रुमालाची घडी किंवा कापसाचा बोळा खोचतात, तो वाकलं की सरकतो. क्रोशाचं काम करणाऱ्या बाया पुलगावात पुष्कळ आहेत. नमुना मागवून बचत गटाला दाखवायचा आहे.

*

रेल्वेची सवलत: कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा नंतरच्या तपासणीसाठी जाताना स्लीपर आणि थ्री-एसीचं भाडं पूर्ण माफ, सोबत येणाऱ्या माणसाला 75 टक्के सूट. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यात दाखला भरून घ्यावा लागतो. एसटीत बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहेच. सोबतीला दर वेळी नवराच हवा, त्याची मजुरी बुडायलाच हवी, असं नाही. आधी या आजारातून गेलेली दुसरी बाई सोबत गेली तर गाडीतच निम्मं बोलणं होऊन जाईल. गावच्या आशा सेविकांना अशी घरं माहीत असतात. नावं वहीत लिहायची नाहीत, दोघींना आधी वेगवेगळं विचारायचं आणि दोघी हो म्हणाल्या तरच गाठ घालून द्यायची, एवढं आमचं ठरलं आहे. पहिल्या दोघींची तपासणी एकाच आठवड्यात आहे. त्यांची तारीख एक करून मिळते का, ते सोमवारी विचारणार आहे.