पाटल्यांचे माहेरपण

आमचे तीर्थरूप अण्णा बार्शीच्या बाजारात भुसार मालाचे आडत दुकान चालवीत. ज्वारी, तूर, हरभरा, करडई यांच्या पोत्यांच्या संगतीत त्यांचे सारे आयुष्य गेले. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. तरी गावातील जुनी माणसे भेटली की त्यांच्या व्यवहाराच्या आधी त्यांच्या विनोदाची आठवण निघते. त्या विनोदाने आमच्या घराला काय दिले, ते येथे नोंदवून ठेवावेसे वाटते.

अण्णांच्या थट्टेला एक दंडक होता. कोणाचे व्यंग, कोणाची गरिबी, कोणाची जात तिच्यात कधीही येत नसे. हसू करायचे ते स्वतःचे. त्यासाठी त्यांचे टक्कल कायम उपयोगी पडे. दुसरा विषय आमची आई. पण तेथेही वरचढ बाजू तिचीच असे. कोणी हातउसने मागावयास आला की ते म्हणत, "मी नुसती शाखा. रिझर्व्ह बँक स्वयंपाकघरात आहे, तिला विचारून सांगतो."

सूर्यास्तापूर्वी जेवणे हा आमच्या घरचा नियम. बाजार कितीही भरात असला तरी त्या वेळी अण्णा पाटावर हजर असत. आम्ही चौघे भावंडे बसलो की ते विचारीत, "बोला, आजची बोहनी कोण करणार?" मग प्रत्येकाने दिवसभरातील एक हसण्यासारखी गोष्ट सांगावयाची. दुकानाची चिंता मात्र त्या पाटापर्यंत कधी आली नाही.

1972 च्या दुष्काळात मी आठवीत होते. रेशनवर लाल मिलो ज्वारी आली होती, शेतकरी कुटुंबे दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि शाळेत सुकडी वाटली जात होती. आडतीवर मालच येत नव्हता. ज्यांना बी-बियाणे आणि लग्नकार्यासाठी आगाऊ रकमा दिल्या होत्या, त्यांच्याकडे परत देण्यास काही नव्हते. असाच एक खातेदार आमचे दुकान टाळून रस्त्याच्या पलीकडच्या कडेने खाली मान घालून चालला होता. अण्णांनी गादीवरूनच हाक मारली, "अहो पाटील, तिकडे ऊन आहे, इकडून सावलीतून जा! पैसे मागितले तर मलाच व्याज लावा." पाटील आले. पाणी प्याले. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून म्हटले, "हे पाहा, इथं तर वीस वर्षं दुष्काळ आहे. तुमच्या रानात निदान पुढच्या वर्षी तरी उगवेल." त्या माणसाला कित्येक दिवसांत आलेले ते पहिले हसू असावे.

त्याच वर्षी आईच्या हातातील पाटल्या दिसेनाशा झाल्या. धाकट्या बहिणीने विचारले तेव्हा अण्णा म्हणाले, "त्या माहेरपणाला गेल्यात. इथं काम करून दमल्या होत्या." आम्ही मुलांनी ते खरे मानले. तीन वर्षांनी पाटल्या परत आल्या तेव्हा ते आईला म्हणाले, "माहेरपण जरा लांबलंच!"

त्या पाटल्या गहाण पडल्या होत्या आणि त्या पैशांवर दुकान तगले होते, हे आईने मला सांगितले ते मी बँकेत लागल्यावर. "हातातून काढताना मला रडू येत होतं," ती म्हणाली, "पण ह्यांनी माहेरपणाचं काढलं आणि मला हसूच आलं." घरातील कोणाला ओझे जाणवू नये म्हणून हा मनुष्य किती जपून हसवीत होता, ते मला त्या दिवशी समजले.

मुलीला एम. कॉम. करण्यास नातेवाइकांचा विरोध होता. इतके शिकवल्यावर स्थळ कसे मिळणार, असा प्रश्न आला. अण्णा शांतपणे म्हणाले, "बँकेत तिला खुर्ची मिळेल, टेबल मिळेल. स्थळ म्हणजे आणखी काय असतं?" नोकरीसाठी पुण्यास निघाले तेव्हा कुर्डुवाडीपर्यंत बार्शीची नॅरोगेज गाडी होती. ती नेहमीप्रमाणे रेंगाळत निघाली. अण्णा खिडकीशी चालत चालत म्हणाले, "हळू आहे ते बरंच आहे. परत फिरावंसं वाटलं तर उडी मारता येईल." हे बोलताना ते उपरण्याने डोळे पुसत होते.

पुढे मी कर्ज विभागात आले. 31 मार्च 2004 पासून, हप्ता वा व्याज नव्वद दिवसांहून अधिक थकले की कर्ज अनुत्पादक ठरविण्याचा नियम बँकांना लागू झाला. सुटीत घरी गेले असता मी तो अण्णांना समजावून सांगितला. ते म्हणाले, "नव्वद दिवसांत तूरसुद्धा हाती येत नाही, मग पैसा कुठून येणार?" अल्पमुदतीच्या पिकांच्या कर्जाला दोन पीक-हंगामांची मुदत आहे, असे मी सांगताच त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे रिझर्व्ह बँकेलाही पाऊस कळतो तर! आमच्या स्वयंपाकघरातल्या बँकेला तो बहात्तर सालीच कळला होता." आई आत भाकरी थापत होती. तिने काही उत्तर दिले नाही; पण हातातील पाटल्या मात्र वाजल्या.

दुष्काळातील बहुतेक खातेदारांनी पुढे पै न् पै फेडली. ज्यांना ते जमले नाही, त्यांची नावे अण्णांनी आमच्यासमोर कधी उच्चारली नाहीत. आता दुकान भाऊ आणि पुतण्या पाहतात. हिशेब संगणकावर असतो. जेवणाच्या वेळी मात्र पुतण्याची लहान मुलगी सर्वांच्या आधी पाटावर येऊन बसते आणि विचारते, "आजची बोहनी कोण करणार?" तिने अण्णांना पाहिलेले नाही.

आपल्या व्यापारी घरांत जुन्या वह्या आपण कापडात बांधून जपून ठेवतो. वाचकांना विनंती एवढीच की, त्या वह्या लिहिणारी माणसे घरात कशी बोलत, कशी हसवीत, तेही कोठेतरी लिहून ठेवावे. ते खतावणीत सापडत नाही.