काठ राखणारे, काठ कापणारे यंत्र

साध्या शिलाई यंत्रावरची टीप चुकली तर उसवता येते. ओव्हरलॉकने कापलेला काठ परत मिळत नाही. हे यंत्र एकाच वेळी कापड शिवते, काठावर दोऱ्याची वीण घालते आणि बाहेर राहिलेला भाग पात्याने छाटून टाकते. १८८१ साली अमेरिकेतील मेरो कारखान्यात आकाराला आलेले हे यंत्र दीर्घकाळ कारखान्यांपुरतेच होते; आता ते घराघरांत पोहोचले आहे.

धानाच्या व्यापारासाठी ओळखल्या जाणाऱ्या तुमसरमधील एका कापड-व्यापारी घरात गतवर्षी त्याच्या खरेदीचा विषय निघाला. दुकानातील कटपीस वर्षभर साठत. त्यांतून अभ्रे, परकर, झबली आणि गोधड्या शिवाव्यात, असा धाकट्या सूनबाईंचा मानस होता. धुतल्यावर आतून धागे निघतात, म्हणून ओव्हरलॉक हवे होते. सासऱ्यांनी नकार दिला नाही. ते एवढेच म्हणाले, "सूनबाई, माल भरताना आपण खप पाहतो. तसे काय काय शिवणार, ते आधी लिहून काढ."

त्या यादीने निवड सोपी केली. सुती कापडाचे काठ बांधायला एक सुई आणि दोन लूपर असलेले तीन दोऱ्यांचे यंत्र पुरते. चार दोऱ्यांच्या यंत्राला दुसरी सुई असते. त्याची शिवण अधिक मजबूत आणि ताणले जाणाऱ्या होजिअरीला सोयीची. मात्र काज, चेन किंवा कापडाच्या मधोमध घालायची टीप यांपैकी काहीच ओव्हरलॉकवर होत नाही. जुने शिलाई यंत्र मोडीत काढून हे घेणे म्हणजे एक सोय मिळवून दहा गमावणे. यादीत बहुतेक सुती कामच होते. तीन दोऱ्यांचे यंत्र आले.

वापराची शिस्त सूनबाईंनी हळूहळू अंगी बाणवली. दोरा आधी लूपरमध्ये, सुईत शेवटी. शिवण्यापूर्वी त्याच कापडाच्या तुकड्यावर ताण तपासायचा. टाचणी पात्यापर्यंत पोहोचण्याआधी काढायची, अन्यथा पाते निकामी होते. शेवटी उरलेली दोऱ्याची साखळी सुईने मागे विणीत ओवायची आणि साठलेली पिंज ब्रशने झाडून टाकायची.

यादीतील अखेरची नोंद मात्र अवघड होती : दिवंगत सासूबाईंच्या सुती लुगड्यांची गोधडी. वापरून विरलेल्या त्या वस्त्रांचे चौकोन कापून ओव्हरलॉकवर जोडावेत, असा पहिला बेत होता. पण प्रत्येक जोडणीत पात्याखाली थोडे कापड जाणार, चार चौकोन मिळतात तिथे शिवणींची गाठ होऊन गोधडी टोचणार आणि थर एकत्र धरणारा धावदोरा तर या यंत्राला घालताच येत नाही.

विणकरांच्या भंडारा जिल्ह्यात आणखी एक गोष्ट सहज उमगावी. आंधळगाव-मोहाडीच्या मागावरचे वस्त्र असो वा साधे लुगडे, त्याची किनार विणतानाच बांधली गेलेली असते. धागे सुटतात ते कात्री लागलेल्या कडेचे. किनारीला ओव्हरलॉकची गरजच नसते. लुगडी न कापता किनारीसह घड्या घालून एकावर एक अंथरली, तर छाटण्यासारखे काही उरत नाही.

सूनबाईंनी तेच केले. कटपीसच्या चार गोधड्यांचे चौकोन ओव्हरलॉकवर जोडले गेले. शिवणी एकाआड एक बाजूला दाबल्याने गाठी कमी झाल्या. त्या गोधड्या थंडीपूर्वी दुकानातील नोकरांच्या घरी पोहोचल्या. लुगड्यांच्या गोधडीला थोरल्या जाऊबाईंनीही हात लावला. दुपारच्या निवांत वेळी दोघींनी हातानेच धावदोरा घातला. ती आता सासऱ्यांच्या पलंगावर आहे, चारही काठ शाबूत.