कन्याकुमारी : पूर्वेची खिडकी

समुद्रकाठच्या मुक्कामाचा बेत ठरला म्हणजे घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येते : खोली समुद्राकडची हवी. गणपतीपुळे असो, पुरी असो की कन्याकुमारी, ही मागणी सर्वत्र सारखीच. आणि हॉटेलवालेही ती पुरती ओळखून असतात. म्हणून त्यांच्या जाहिरातींत 'सी व्ह्यू' हे दोन शब्द ठळकपणे झळकतात व त्या दोन शब्दांपायी भाड्यातही बरीच भर पडते. मुंबईच्या वा कोकणच्या माणसास या शब्दांचा अर्थ विचारावासा वाटत नाही. आपला समुद्र पश्चिमेस. खिडकी समुद्राकडे उघडली की सायंकाळी सूर्यास्त दिसायचाच, हे आपण गृहीत धरून चालतो. कन्याकुमारीस मात्र हा हिशेब उपयोगी पडत नाही. तेथे समुद्र पूर्वेस आहे, दक्षिणेस आहे आणि पश्चिमेसही आहे. अशा गावी नुसती समुद्राकडची खोली मागणे म्हणजे स्टेशनावर जाऊन नुसते 'गाडीचे तिकीट द्या' म्हणण्यासारखेच होय.

वाचकहो, तरुण मंडळींना खिडकीचे एवढे अगत्य नसते. पहाटे पायांत चपला सरकवून ती तडक किनारा गाठतात. परंतु कन्याकुमारीस जाणाऱ्या आपल्याकडील कुटुंबांत बहुधा एक तरी वृद्ध माणूस असते. रामेश्वर पाहावे, मदुरेस मीनाक्षीचे दर्शन घ्यावे आणि भूमी संपते तेथे उभे राहून एकदा सूर्योदय पाहावा, ही इच्छा आयुष्यभर मनात असते. मुलांची शिक्षणे आटोपून ती पुरी होण्याचा योग येतो तेव्हा गुडघे थकलेले असतात. पहाटेच्या काळोखात, गर्दीत, खडकाळ किनाऱ्यावर त्यांना नेणे अवघड जाते. अशा माणसाच्या वाट्यास समुद्र येतो तो खिडकीतून दिसेल तेवढाच. खोली भलत्या बाजूची मिळाली तर दोन दिवसांचा रेल्वेप्रवास सोसून त्यांनी शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी पाहावी आणि परतावे, असा प्रकार होतो. तेव्हा निघण्यापूर्वी अर्धा तास या विषयास अवश्य द्यावा.

प्रथम सूर्याचा विचार करू. कन्याकुमारी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे ८ अंश ५ मिनिटांवर आहे. सूर्य बरोबर पूर्वेस उगवतो तो मार्च व सप्टेंबर महिन्यांतील दिवस-रात्र समान असण्याच्या सुमारास. २१ जूनच्या आसपास तो पूर्वबिंदूच्या उत्तरेस सुमारे २४ अंश सरकलेला असतो आणि २२ डिसेंबरच्या आसपास तितकाच दक्षिणेस. हात सरळ पुढे ताणून मूठ धरली तर ती क्षितिजावरील अदमासे १० अंश झाकते. म्हणजे दोन्ही बाजूंस अडीच-अडीच मुठींचे हे अंतर झाले. अरुंद खिडकीतून एवढ्या अंतराने सूर्य सहज हुकतो. मावळतानाही सूर्याची हीच येरझार चालते.

आता किनाऱ्याचा आकार पाहावा. टोकापासून पूर्वेकडील किनारा ईशान्येस वळत जातो आणि पश्चिमेकडील किनारा किंचित उत्तरेकडे झुकत पश्चिमेस जातो. यामुळे सूर्योदय जवळजवळ बाराही महिने पाण्यातून होताना दिसतो. सूर्यास्ताचे तसे नाही. ढोबळ मानाने ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत सूर्य समुद्रात बुडतो; उन्हाळ्यात तो उत्तरेकडे सरकतो आणि जमिनीच्या आड मावळतो. मे महिन्याच्या सुटीत पश्चिमेकडील खोलीसाठी जादा भाडे भरणाऱ्यास हे कोणी सांगत नाही. जाहिरातीत छापलेले सूर्यास्ताचे चित्र खरे असते. फक्त ते जानेवारीतले असते.

म्हणून माझे मत असे की, कन्याकुमारीस खोली घ्यावी ती पूर्वेची. हिवाळ्यात जाणार असाल तर आग्नेयेकडे थोडी वळलेली असल्यास अधिकच उत्तम. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात दक्षिणेकडे तोंड करून असलेल्या, भिंतीपुढे आलेल्या सज्ज्यातून सूर्योदय व सूर्यास्त दोन्ही दिसू शकतात, कारण त्या दिवसांत सूर्य दोन्ही वेळा दक्षिणेकडेच असतो. परंतु मध्ये एकही इमारत आड येता कामा नये, आणि भरवस्तीत अशी जागा मिळणे कठीण. सूर्यास्तासाठी खिडकीचा हट्ट सोडला तरी चालेल. सायंकाळी उजेड असतो, रिक्षा मिळते आणि गावाच्या पश्चिमेस सूर्यास्त पाहण्याच्या जागेपर्यंत वाहनाने जाता येते. वृद्ध माणसास रिक्षेत बसल्या बसल्याही तो पाहता येतो. पहाटेची गोष्ट निराळी. सूर्योदय वर्षभरात सहा ते पावणेसातच्या दरम्यान केव्हातरी होतो आणि खरी शोभा त्यापूर्वीच्या अर्ध्या तासात असते. अंगावर शाल घेऊन खुर्चीत बसावे आणि काळ्याचा जांभळा, जांभळ्याचा केशरी रंग होताना पाहावा, एवढ्यासाठीच पूर्वेची खिडकी हवी.

या खिडकीत आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे समुद्रातील दोन खडक. एकावर विवेकानंद स्मारक आहे. १८९२ च्या डिसेंबरात स्वामीजींनी जेथे ध्यान केले त्याच खडकावर १९७० साली ते उभे राहिले. आणि ते उभे करण्यासाठी देशभर हिंडून निधी जमविणारे एकनाथ रानडे हे मूळचे अमरावती जिल्ह्यातील टिमटाळ्याचे. शेजारच्या लहान खडकावर तमिळ कवी तिरुवळ्ळुवर यांचा १३३ फूट उंचीचा पाषाणपुतळा १ जानेवारी २००० पासून उभा आहे. त्यांच्या 'तिरुक्कुरळ' ग्रंथाचे अध्यायही १३३ च. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस या दोन खडकांना काचेच्या पुलाने जोडण्यात आले. आपण किनाऱ्याने जितके उत्तरेस जाल तितके हे खडक खिडकीत उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकतात. सूर्य आणि स्मारक एकाच चौकटीत हवे असेल तर देवळापासून फार दूर उत्तरेस न जाणेच बरे. उलट गजबज नको असेल तर उत्तरेकडील भाग शांत. विवेकानंद केंद्राचे विवेकानंदपुरम् हे विस्तीर्ण आवार त्याच बाजूस आहे. तेथील मुक्काम साधा व प्रसन्न असतो. खिडकीतल्या समुद्राची अपेक्षा मात्र तेथे धरू नये.

मजल्याचाही विचार करावा लागतो. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसास क्षितिज साडेचार किलोमीटरांच्या आसपास दिसते. तोच माणूस पन्नास फूट उंचीवरून पाहू लागला की ते चौदा किलोमीटरांवर जाते. तळमजल्याच्या खोलीतून कुंपणाची भिंत, उभ्या केलेल्या बसगाड्या आणि विजेच्या तारा यांतून उरेल तो समुद्र आपला. पण उंचावर जाताना लिफ्ट आहे काय आणि ती रात्रंदिवस चालते काय, हे विचारून घ्यावे. चौथ्या मजल्यावरील सुंदर देखावा पाहून झाल्यावर आईस जेवणासाठी जिना उतरावा लागणार असेल तर दुसरा मजला श्रेष्ठ.

खोली आगाऊ ठरविताना पत्र लिहा अथवा फोन करा, पण प्रश्न नेमके विचारा. समुद्र दिसतो काय, असे विचाराल तर उत्तर 'होय' असेच येईल, आणि ते खोटेही नसेल; न्हाणीघराच्या झडपेतून टाचा उंचावून पाहिल्यास समुद्र दिसत असेल. त्याऐवजी मोठी खिडकी कोणत्या दिशेस आहे, खिडकी आणि पाणी यांच्यामध्ये काय काय आहे, खुर्चीत बसून किंवा अंथरुणावरून समुद्र दिसतो की उभे राहावे लागते, हे विचारावे. सज्जा असल्यास त्याचा कठडा भरीव आहे की गजांचा, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे भरीव कठडा आला की समुद्र संपला. खोलीचा क्रमांक मिळाल्यास टिपून ठेवावा. आणि कारण मोकळेपणाने सांगावे : सोबत वृद्ध आई आहे, तिला किनाऱ्यावर उतरता येत नाही, सूर्योदय खिडकीतूनच पाहावयाचा आहे. व्यवस्थापकास रोज पन्नास जण समुद्राकडची खोली मागतात; त्यांतील कोणाला ती खरोखर हवी आहे, हे त्यास कळावे कसे? ज्यांना केवळ रात्रीपुरते अंग टेकावयाचे आहे अशा प्रवाशास मागची खोली देऊन आपल्यासाठी पुढची राखणे त्याला अशक्य नसते. निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एक फोन करून आठवण द्यावी.

पोहोचल्यावर रजिस्टरात सही करण्यापूर्वी खोली पाहू देण्याची विनंती करावी. यात संकोच नको. पडदा सारून पाहा, खिडकी उघडते काय ते पाहा. अनेक ठिकाणी वातानुकूलित खोलीची काच कायमची बंद असते. मग समुद्र दिसतो, पण त्याचा आवाज ऐकू येत नाही. खोली मनासारखी नसेल तर आवाज न चढविता, दुसऱ्या दिवशी सकाळी कोणती खोली रिकामी होत आहे ते विचारावे. तेथे कामचलाऊ हिंदी व इंग्रजी चालते. तरी दोन तमिळ शब्द ओठांवर असले की चेहऱ्यावर हसू उमटते. 'कडल' म्हणजे समुद्र, 'किळक्कु' म्हणजे पूर्व. 'कडल तेरियुमा?' म्हणजे समुद्र दिसेल का? खिडकीस तमिळमध्ये 'जन्नल' म्हणतात. गोव्याच्या वाचकांना तो ओळखीचा वाटेल, कारण कोकणीतील 'जनेल' आणि हा 'जन्नल' दोन्ही पोर्तुगीजांबरोबर आले.

ऋतूकडेही लक्ष असू द्यावे. जून ते ऑगस्ट नैर्ऋत्येचा वारा जोरात असतो आणि पश्चिमेच्या व दक्षिणेच्या खिडक्या पुष्कळदा बंदच ठेवाव्या लागतात. ऑक्टोबर व नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी पावसाचे ढग नेमके पूर्व क्षितिजावर येऊन बसतात. त्या दिवसांत एकाच पहाटेवर भरवसा ठेवू नये, निदान दोन रात्रींचा मुक्काम करावा. जानेवारी ते मार्च हा काळ सर्वांत खात्रीचा. पौर्णिमा गाठता आली तर बहारच. पौर्णिमेस सूर्य मावळण्याच्या सुमारास समोरच्या क्षितिजावर चंद्र उगवतो; चैत्री पौर्णिमेस हे पाहावयास येथे मोठी गर्दी लोटते. त्यासाठी खोलीपेक्षा गच्ची बरी. ती सर्वांना खुली आहे काय, हेही विचारून ठेवावे.

समुद्राला अगदी खेटून असलेली जागा सर्वांत चांगली, असे आपणांस वाटते. त्या जागी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले ते कोळी. २६ डिसेंबर २००४ रोजी सुनामीच्या लाटा आल्या तेव्हा या जिल्ह्यात सर्वाधिक झळ पोहोचली ती त्यांच्याच गावांना. जवळच्या मणक्कुडीचा पूल त्या लाटांनी वाहून नेला. स्मारकाच्या खडकावर गेलेले प्रवासी त्या दिवशी तेथेच अडकून पडले होते. आपल्या खिडकीतून कोळ्यांची घरे, वाळत घातलेली जाळी आणि वर ओढलेल्या होड्या दिसत असतील तर त्या समुद्राच्या आड येतात अशी तक्रार करू नये. त्या जाळ्यांची उस्तवारी पाहण्यात एक सकाळ कशी जाते ते कळतही नाही.

गावाची स्वामिनी कुमारी अम्मन हिचे मंदिर अगदी किनाऱ्यावर, पूर्वाभिमुख आहे. पण भक्तांनी आत जावयाचे ते उत्तरेच्या दाराने. समुद्राकडे उघडणारे पूर्वद्वार वर्षातील मोजक्या विशेष दिवशीच उघडतात. देवीच्या नथीतील हिऱ्याचे तेज इतके की, ते दीपस्तंभ समजून खलाशी गलबते किनाऱ्याकडे वळवीत आणि खडकांवर आपटत. म्हणून दार लावून घेतले, अशी आख्यायिका आहे. साऱ्या गावात पूर्वेकडे उघडणारी सर्वांत मोक्याची जागा ती, आणि ती मिटलेली!

रात्री निजण्यापूर्वी खोलीतील दिवा मालवून पडदा पुन्हा एकदा सारावा. दिवा असता काचेत आपलेच प्रतिबिंब दिसत राहते. डोळे काळोखास सरावेपर्यंत थोडा धीर धरावा लागतो. मग दूर पाण्यावर मासेमारीच्या होड्यांचे दिवे एकामागून एक दिसू लागतात. आईची खुर्ची त्याच वेळी खिडकीशी लावून ठेवावी, म्हणजे पहाटे साडेपाचास अंधारात सामान हलवावे लागत नाही.