गोड बोलण्याची नोकरी

रोशन गेटच्या आसपास पासपोर्ट पत्र्याच्या पेटीत, निकाहनाम्याशेजारी ठेवतात. जिद्दा, दुबई, मस्कत ही नावं आम्हा औरंगाबादकरांना जालना-पैठणइतकी जवळची. कुणाचा तरी मामू तिकडे राबतो, इकडे बहिणीचं लग्न होतं, घरावर स्लॅब पडतो. शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, पण पोटासाठी बाहेर पडणं थांबलं नाही. हल्ली मात्र मुलं थायलंड, कंबोडिया, लाओसचे कागद घेऊन येतात. "सर, डेटा एंट्री आहे. एसीत बसून काम."

मी निवृत्त शिक्षक. लोकांचे अर्ज, करारनामे वाचून देतो. म्हणून हे कामही समजावून सांगतो. बँकॉकला उतरवतात, मोटारीने सीमेवर नेतात. मोएई नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावाडी. तिथं पासपोर्ट काढून घेतात, हाती मोबाइल आणि परक्या देखण्या माणसाचे फोटो देतात. दूरदेशीच्या एकट्या जिवाशी महिनोन्‌महिने प्रेमाचं बोलायचं, विश्वास बसला की खोट्या गुंतवणुकीत पैसे टाकायला लावायचे. नकार दिला तर मार, सुटायचं तर खंडणी.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ साली म्यानमारात किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसं अशी अडकली असावीत, असा अंदाज दिला. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी दोन दिवसांत साडेपाचशेच्या आसपास भारतीय परत आणले. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबरने साठहून अधिक जणांना सोडवलं, काहींना अटकही केली.

आमच्या ओळखीतल्या एक विधवा खाला अशाच एका 'डॉक्टर'ला फसल्या. बदनामीच्या भीतीनं त्यांनी तक्रारही केली नाही. मी त्यांना म्यावाडीची हकीकत सांगितली. बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्याशी बोलणारा पोरगाही कोंडलेला असेल?"

मला उत्तर देता आलं नाही. सगळेच काही कैदी नसतात. कित्येक जण राजीखुशीनं हा धंदा करतात. पण परत आलेल्या पोराला चोर म्हणण्याआधी त्याचा पासपोर्ट कुणाच्या हातात होता, हे विचारायला हवं. आणि खालांसारखीला हसण्याआधी तिचा एकटेपणा कुणी विचारला होता, हेही.

तोवर इतकं करावं. पर्यटक व्हिसावर नोकरीला जाऊ नये. दलाल परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, ते पाहावं. पैसे गेलेच तर लाज बाजूला ठेवून लगेच १९३० वर फोन करावा. अब्रू फसवणाऱ्याची जाते, फसलेल्याची नाही.