मागची झील

पोवाडा गाणारा लोकांच्या लक्षात राहतो. त्याच्या मागे तुणतुणं घेऊन उभा असलेला झीलकरी कोण होता, असं कार्यक्रम संपल्यावर विचारलं तर फारसं कुणाला सांगता येत नाही. आमच्या नवरा-बायकोच्या जोडीत तो झीलकरी मी आहे. डफ हिच्या हातात, चौक हिचा, कडवं हिचं. ओळ संपत आली की 'जी जी रं जी' माझं. आणि मला त्या जागेइतकी दुसरी कुठलीच जागा आवडत नाही.

झील शोभेची नसते. पोवाडा चढ्या सुरात, धावत्या लयीत चालतो. शब्द दाटीवाटीनं येतात, आणि गाणाऱ्याला श्वास घ्यायला कवीनं कुठंही जागा सोडलेली नसते. ती जागा झीलकऱ्यानं करायची. तिचं शेवटचं अक्षर अजून हवेत असतानाच आपला सूर त्याखाली सरकवायचा, म्हणजे ती कधी थांबली हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. मोठ्या फडात चार झीलकरी असतात, ते एकमेकांचा श्वास झाकतात. आम्ही दोघंच. माझा श्वास झाकायला मागे कुणी नाही, म्हणून ही डफावर दोन थापा जास्त टाकते. ऐकणाऱ्याला तो डफाचा तुकडा वाटतो. तो मी श्वास घ्यावा म्हणून असतो.

पट्टीचा, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला सा धरायचा हा प्रश्न मात्र आम्हाला बरीच वर्षं पुरला. बायकांची पट्टी साधारण काळी चार-पाचकडे, पुरुषांची काळी एक-पांढरी दोनच्या आसपास. हिच्या काळी चारमध्ये मी झील धरायला गेलो की वरचा सा गळ्यातून न येता कपाळातून यायचा. खाली उतरून धरली तर झिलेची धारच जायची, नुसती गुणगुण उरायची. शेवटी आम्ही काळी तीनवर थांबलो. सूर एकच, पण तिला तिथं विसावा आणि मला तिथं ताण. तिचा निवांत आवाज आणि माझा ताणलेला आवाज एकाच सुरावर भेटले की त्यातून जो गोडवा येतो, तो आम्हा दोघांपैकी एकट्याच्या गळ्यात नाही. आमच्या गाण्यात स्वतःचं असं काही असेल तर ते हेच आहे.

नवरा-बायकोनं मिळून गाणं-वाजवणं आपल्याकडे नवं नाही. गिरगावच्या रस्त्यांवर कडकलक्ष्मीवाले यायचे, अजूनही क्वचित येतात. तिच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा, हातात ढोलकं, त्याच्या कातड्यावर काठी घासून काढलेला तो घुमता गुबुगुबु आवाज. पुढे तो, पायात चाळ, खांद्यावर आसूड. लोक त्याच्या आसुडाकडे बघतात. मी तिच्या काठीकडे बघतो. ती थांबली तर त्याचा पाय उचलणार नाही. ती दोघं आमच्याच धंद्यातली थोरली माणसं आहेत, असं मी मानतो.

शाहीर साबळे यांचं नाव महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. १९२३ साली वाईजवळच्या पसरणीत जन्मलेल्या या माणसाच्या आवाजातलं 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राजा बढे यांचं गीत, श्रीनिवास खळे यांच्या चालीतलं, २०२३ मध्ये राज्यगीत झालं. पण त्यांच्यासाठी गाणी लिहिणाऱ्या भानुमती साबळे किती जणांना ठाऊक होत्या? त्याच वर्षी 'महाराष्ट्र शाहीर' हा चित्रपट आला तेव्हा पुष्कळांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. पुढे ती दोघं वेगळी झाली, तो त्यांचा प्रश्न. माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट ही की त्या गळ्याला शब्द पुरवणारं माणूस घरात होतं. आमच्या काळात शीतल साठे आणि सचिन माळी यांनी ही मांडणी उलटी केली. तो लिहितो, ती गाते. नवयान महाजलशात तिचा आवाज असा काही उठतो की सभागृह जागचं हलतं. आणि त्यातल्या कितीतरी ओळी शेजारच्या माणसानं लिहिलेल्या असतात. पुढे कोण, मागे कोण हे बदलत राहील. मागे कुणीतरी लागतंच.

आम्ही माईक वापरत नाही. त्याचं मोठं कारण खोताच्या वाडीतलं आमचं घर आहे. खोताची वाडी म्हणजे गिरगावात जगन्नाथ शंकरशेठ मार्गावरून आत वळणारी अरुंद गल्ली. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची ही जमीन. त्यावर ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी घरं बांधली आणि नंतर आमच्यासारखे भाडेकरू येऊन राहिले. एके काळी इथं पासष्ट घरं होती म्हणतात, आता त्यांची निम्मीही उरलेली नाहीत. जी आहेत ती लाकडाची आणि कौलांची. बाहेरून जिना, पुढे पडवी, वर तक्तपोशी. अशा घरात आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. लाकूड डफाचा खर्ज थोडा पिऊन टाकतं आणि शब्द मोकळा सोडतं. पडवीत बसून गायलं की गल्लीतल्या समोरच्या खिडकीपर्यंत प्रत्येक अक्षर जातं. त्यापुढे जात नाही, आणि जायची गरजही नाही. आमचा आवाज या अंतरात घडला. नव्या इमारतीच्या फरशीच्या हॉलमध्ये डफाची थाप घुमून पुढच्या शब्दावर चढते, तेव्हा आम्ही डफ खाली ठेवतो आणि नुसत्या तुणतुण्यावर गातो. वाडीतलं एकेक घर पडतं तेव्हा लोक नक्षीच्या कठड्यांबद्दल हळहळतात, ते योग्यच आहे. मला त्याबरोबर एक ऐकू येण्याची जागा गेल्यासारखं वाटतं. ती जागा पुन्हा बांधायची कशी, हे कुठल्याही नकाशात नसतं.

गणपती झाले तरी मुंबईची हवा अजून ओली आहे. ओल्या हवेत डफाचं कातडं सैल पडतं, थाप भद्द येते. गॅसच्या मंद आचेवर, बऱ्यापैकी लांब धरून, फिरवत शेकायचा. तापलेला डफ टणत्कारतो, पण तासाभरात उतरायला लागतो. म्हणून आमच्या कार्यक्रमाचा क्रम कातडं ठरवतं. पोवाडा आधी. डफ उतरला की भारूड, आणि अगदी शेवटी ओव्या, ज्यांना डफ नकोच असतो.

नवरात्रात परळच्या एका चाळीच्या चौकात गायचं आहे. तिथं अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड म्हणायची, असं चाळीतल्या म्हाताऱ्यांनी बजावून सांगितलंय. अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक १९४४ चं. गिरणगाव हेच त्याचं घर. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो, आणि ऐकता ऐकता कळतं की ती मैना म्हणजे महाराष्ट्रात न आलेला बेळगाव-कारवारचा मुलूख. सगळे हे पुरुषाच्या आवाजात ऐकत आले. आमच्याकडे ते ही म्हणते. नवऱ्याचं झुरणं बायकोच्या तोंडून येतं आणि नवरा मागे उभा राहून झील धरतो. सराव करताना पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला सूर धरवेना. गिरणीत राबलेल्या माणसांच्या घरांत किती बायकांनी हे झुरणं उलट्या बाजूनं, गावाकडून सोसलं असेल, ते हिच्या आवाजात सरळ समोर येतं. परळकरांना ते कसं वाटेल, याची मला फार उत्सुकता आहे.

कोजागिरीला दादरला एका गच्चीवर आहोत. तिथं वारा असतो. उघड्यावर झील विरून जाते, म्हणून लोकांना अर्धगोल करून अगदी जवळ बसवायचं, दुधाच्या पातेल्याच्या अलीकडे. एवढंच.

नाताळचं गाणं मात्र वेगळं आहे. त्यासाठी शेजारच्या आंटींनी त्यांच्या लग्नघरातली गाणी आम्हाला शिकवायला घेतली आहेत. ईस्ट इंडियन लोकांची ती मराठी आमच्या कानाला ओळखीची आणि तरी निराळी. क्रियापदं भलत्याच ठिकाणी वळतात. साथीला घुमट. मातीचं भांडं, दोन्हीकडे उघडं, एका तोंडावर कातडं. दुसऱ्या तोंडावर तळहात ठेवत-काढत सूर वरखाली करायचा. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. जुने वाजवणारे म्हणतात, तो आवाज गेला. आंटींचं मत, हात असेल तर आवाज येतो. मला आंटींचं पटतं.

या गाण्यांत एकानं ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी ती परतायची. आंटींनी फर्मावलंय की या खेपेला ओळ मी उचलायची आणि हिनं मागून यायचं. म्हणजे काळी तीन गेली. माझ्या काळी एकमध्ये तिचा मध्य षड्ज फार खाली पडतो, आणि तार षड्जावर गेली तर घुमटाच्या खर्जापासून खूप लांब जाते. ही म्हणते, पांढरी दोन करून बघू. मी म्हणतो, तू मधला पंचम धर. काल रात्री दोन्ही करून पाहिलं. पंचमात ती बसते आहे, पण तिला श्वास कुठं द्यायचा ते मला अजून सापडलेलं नाही; घुमट माझ्या हातात असतो, त्यातच कुठंतरी दोन थापा जास्त टाकाव्या लागतील.