मॉस्कोच्या रस्त्यावरून अंतराळात

मॉस्को शहरात व्हेडेनखा मेट्रो स्टेशनातून बाहेर पडले की आभाळात घुसलेला एक चकचकीत सुळका दिसतो. टायटॅनियमच्या पत्र्याने मढवलेले हे अंतराळविजयाचे स्मारक १९६४ साली उभे राहिले. उंची १०७ मीटर. त्याच्या पायथ्याशी अंतराळ संग्रहालय आहे. आम्ही आत गेलो. याने पाहिली, अंतराळवीरांचे पोशाख पाहिले; पण आमच्यातील मुलाबाळांची पावले थबकली ती काचेआड ठेवलेल्या दोन कुत्र्यांपाशी. पेंढा भरून जतन केलेल्या या बेल्का आणि स्त्रेल्का.

१९ ऑगस्ट १९६० रोजी या दोघी यानातून पृथ्वीप्रदक्षिणेला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी जिवंत परतल्या. पुढे स्त्रेल्काला सहा पिल्ले झाली. त्यांतले पुशिंका नावाचे पिल्लू १९६१ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या घरी भेट म्हणून गेले. त्याच वर्षी १२ एप्रिलला युरी गागारिन अंतराळात गेला. त्याची वाट या मुक्या जिवांनी तपासून दिली होती.

वाचकहो, ही काही श्रीमंतांघरची जातिवंत कुत्री नव्हती. या मोहिमांसाठी मॉस्कोच्या रस्त्यांवरची बेवारशी कुत्री धरून आणत. ज्याने कडाक्याची थंडी आणि उपासमार सोसली, ते जनावर अरुंद पेटीतही टिकेल, असा शास्त्रज्ञांचा हिशोब होता. वजन सहा-सात किलोच्या आत हवे. मलमूत्राची सोय करणे सोपे जाई, म्हणून माद्याच निवडत.

अशीच एक होती लायका. तिचा देह मात्र या संग्रहालयात नाही. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक-२ मधून तिला पाठवले, तेव्हा कक्षेतून यान परत आणण्याचे तंत्रच तयार नव्हते. जाणे होते, येणे नव्हते. उड्डाणापूर्वी डॉक्टर याझ्दोव्स्की तिला आपल्या घरी मुलांबरोबर खेळायला घेऊन गेले होते. लायका काही दिवस जगली आणि वेदनेविना गेली, असे तेव्हा जगाला सांगण्यात आले. खरी गोष्ट २००२ साली उघड झाली. यान तापले आणि ती काही तासांतच गेली होती. १४ एप्रिल १९५८ रोजी तिच्या देहासह यान वातावरणात जळून गेले.

या मोहिमेतील शास्त्रज्ञ ओलेग गाझेन्को यांनी १९९८ साली जाहीरपणे खेद व्यक्त केला. जे शिकायला मिळाले ते तिच्या जिवाच्या मोलाचे नव्हते, असे त्यांना वाटत होते. हे कबूल करायलाही मोठे मन लागते.

मॉस्कोतच २००८ साली लायकाचे स्मारक झाले. रॉकेटचा वरचा भाग माणसाच्या तळहातासारखा उघडला आहे आणि त्या तळहातावर ती ताठ उभी आहे.

सोसणे हीच तिची पात्रता ठरली. ज्याने आधीच पुष्कळ सोसले, त्याच्याच पाठीवर आणखी ओझे टाकायचे, ही माणसाची जुनी खोड आहे. मुलांना रॉकेटची गोष्ट जरूर सांगावी. पण लायकाचे खरे सांगायला जगाला ४५ वर्षे लागली, हेही सांगावे.