वाट बुजू द्यावी की मोकळी ठेवावी?

पाऊलवाटेचे उद्घाटन कोणी करीत नाही. माणसे चालत राहतात आणि वाट पडते. चालणे थांबले की दोन-चार पावसाळ्यांत घाणेरी तिला गिळून टाकते. वापर संपलेली वाट गेली तर त्याचे दुःख नको. परंतु ज्या वाटेने अजून माणसे जातात, ती 'निसर्गाची इच्छा' म्हणून मुद्दाम बुजू द्यावी काय? हा प्रश्न यंदा आमच्या घरात आला तो थेट अमेरिकेहून.

माझ्या अक्काचा मुलगा मिनिसोटा राज्यात नोकरीला आहे. उन्हाळ्यात तो मित्रांबरोबर कनू घेऊन जातो. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्याने चालवायची हलकी होडी. त्या राज्याच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेला लागून 'बाउंड्री वॉटर्स' नावाचे राखलेले रान आहे. सुमारे ११ लाख एकर जागा आणि त्यात हजाराहून अधिक तळी. १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याने व पुढे १९७८ च्या खास कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. बहुतेक तळ्यांवर मोटारबोटीला बंदी. एका तुकडीत जास्तीत जास्त ९ माणसे आणि ४ होड्या. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायचे तर होडी खांद्यावर घ्यायची, सामान पाठीवर टाकायचे आणि मधली पाऊलवाट तुडवायची. या वाटेला तिकडे पोर्टेज म्हणतात. तिची लांबी 'रॉड'मध्ये मोजतात. एक रॉड साडेसोळा फुटांचा, म्हणजे साधारण एका कनूएवढा.

यंदा या मुलांनी बेत केला कॅनडातील वाबाकिमीचा. ते उद्यान याहून दूर, याहून मोठे आणि फार कमी माणसांचे. तेथील कित्येक जुन्या वाटा पडलेल्या झाडांखाली हरवल्या. काही स्वयंसेवकांनी त्या शोधून मोकळ्या केल्या. पण असे करूच नये, असे म्हणणारेही आहेत. आमचा भाचा त्यांच्या बाजूचा. फोनवर म्हणाला, "मावशी, साफ केलेली वाट म्हणजे बागच की. रान कसं, रानासारखं पाहिजे."

अक्काने फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "तूच सांग बाई त्याला. तिथं पाय मोडला तर कोण येणार आहे?"

त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. वाट सोपी झाली की गर्दी येते, गर्दीमागून कचरा येतो. वाबाकिमीत कॅरिबू नावाचे हरीण राहते, त्याला माणसांपासून लांब, शांत जंगल लागते. सगळीकडेच माणसाने पोचले पाहिजे असा कोणाचा हट्ट असेल तर तो मलाही मान्य नाही.

पण मी हिशेबाच्या टेबलावर वीस वर्षे काढली आहेत. पैसा कमी पडला की पहिली कात्री देखभालीच्या खात्याला लागते आणि तिला नाव मात्र चांगले दिले जाते. देखभाल थांबवली म्हणून नुकसान थांबत नाही, ते दुसऱ्या खात्यावर पडते. वाटेत झाड आडवे पडले की पहिला माणूस डावीकडून जातो, दुसरा उजवीकडून. एका वाटेच्या चार वाटा होतात आणि चौपट जमीन तुडवली जाते. बाउंड्री वॉटर्समध्ये मुक्कामाच्या सुमारे दोन हजार जागा ठरवून दिल्या आहेत. प्रत्येक ठिकाणी लोखंडी जाळीची चूल आणि शौचाचा खड्डा आहे. ही काही चैन नव्हे. माणसाने जेथे हवे तेथे आग पेटवू नये आणि तळ्याचे पाणी घाण करू नये, यासाठीची ती सोय आहे. शेजारच्या क्वेटिको उद्यानात चूल व खड्डाही नाही, पण वाटेवरचे झाड तेथेही तोडले जाते.

४ जुलै १९९९ रोजी बाउंड्री वॉटर्समध्ये भयंकर वादळ झाले. लक्षावधी झाडे कोसळली, वाटा आणि मुक्कामाच्या जागा त्यांच्याखाली गेल्या. 'निसर्गाने केले ते राहू द्या' असे तेव्हा म्हटले असते, तर तेथे आज कोण जाऊ शकले असते? ज्याच्याजवळ २० किलोची महागडी कनू, उपग्रहावरून बोलणारे यंत्र आणि महिनाभराची रजा आहे, तोच. जुनी ३०-३५ किलोची ॲल्युमिनियमची होडी घेऊन चार दिवसांच्या सुटीत मुलाबाळांसह येणारा कामगार काठावरूनच परतला असता. कायदा म्हणतो रान सर्वांचे, आणि बुजलेली वाट म्हणते मोजक्यांचे.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. या वाटा रानाने केल्या नाहीत. ओजिब्वे आणि त्यांच्याही आधीच्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या होड्या वाहून त्या पाडल्या. मग युरोपीय फरव्यापारी त्याच वाटांनी गेले. पुढे उद्याने झाली आणि ज्यांच्या पायांनी वाटा पडल्या त्यांनाच बाहेर काढले गेले. क्वेटिकोच्या हद्दीतील ओजिब्वे लोकांची राखीव जमीन १९१५ साली रद्द करण्यात आली. त्याबद्दल ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने माफी मागितली ती १९९१ साली. ७६ वर्षांनी! रानाला 'माणसाचा स्पर्श न झालेले' म्हणायचे असेल तर आधी त्या माणसांना विसरावे लागते. वाट पुसली की विसरणे आणखी सोपे होते.

उलट उदाहरणही त्याच भागात आहे. सुपीरियर सरोवराच्या काठचे ग्रँड पोर्टेज, साडेआठ मैलांची वाट. तेथील ओजिब्वे लोकांनी आपली जमीन दिली आणि १९५८ साली ते राष्ट्रीय स्मारक झाले. १९९९ पासून त्या स्मारकाची देखभाल करारानुसार तेच लोक करतात. ज्यांची वाट, त्यांच्याच हाती तिची राखण.

म्हणून मी भाच्याला सांगितले, "बाळा, पाट्या नकोत, पूल नकोत, यंत्राची करवतही नको. बाउंड्री वॉटर्समध्ये दोघांनी ओढायची हातकरवत आणि कुऱ्हाड वापरतात, तेवढे पुरे. जेथे वाट कधीच नव्हती तेथे नवी काढू नका, ते कॅरिबूला राहू द्या. पण जुनी वाट मोकळी ठेवा."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बघतो मावशी." अक्काच्या आग्रहाने यंदाचा मार्ग त्याने बदलला. मोकळ्या केलेल्या वाटांनीच जायचे ठरवले आणि सामानात एक घडीची करवत घेतली.

वाचक भगिनी-बंधूंनो, तयार वाटेने चालताना ती कोणी राखली हे आपण सहसा विचारीत नाही. ते विचारावे. आणि आडवी पडलेली एखादी फांदी मागून येणाऱ्यासाठी बाजूला करावी.